सुधारलेली प्रत आणि मूळ प्रत

१५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला, तेव्हा आणीबाणी पुकारली जाऊन दोन महिनेही उलटले नव्हते. त्या दिवशी प्रेक्षकांनी चित्रपटाचा जो शेवट पाहिला, तो दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी प्रथम चित्रित केलेला शेवट नव्हे. प्रथम चित्रित झालेल्या शेवटात दोन्ही हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरसिंगाचा अंत करतो. एकेकाळच्या पोलीस अधिकाऱ्याने कायदा असा पायांखाली तुडवावा, हे सेन्सॉर मंडळाला मानवले नाही. शेवट बदलून पुन्हा चित्रित करण्यात आला. ऐन क्षणी पोलीस येऊन पोचतात आणि गब्बर कायद्याच्या स्वाधीन होतो. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला, तो या दुसऱ्या शेवटासह. ज्या पिढीला त्यातील संवाद मुखोद्गत आहेत, तिच्या मनातला ‘शोले’ हाच.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, जून २०२५ मध्ये, इटलीतील बोलोन्या शहराच्या मुख्य चौकात भरणाऱ्या जुन्या चित्रपटांच्या महोत्सवात ‘शोले’ची जीर्णोद्धार केलेली प्रत दाखविण्यात आली. मूळ निगेटिव्ह खराब झालेली, ७० मि.मी.ची एकही प्रत शिल्लक नाही, अशा स्थितीत इंग्लंडमधील एका गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या दुय्यम प्रतींवरून हे काम तीन वर्षे चालले होते. या प्रतीला तो पहिला शेवट परत जोडण्यात आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ती भारतातील चित्रपटगृहांतही लागली.

आता मूळ ‘शोले’ कोणता म्हणावयाचा? दिग्दर्शकाच्या मनात होता तो, की लोकांनी पाहिला, ज्यावर प्रेम केले तो? पहिल्याला कर्त्याच्या इच्छेचे बळ आहे, दुसऱ्याला इतिहासाचे. आणीबाणीच्या काळात एका लोकप्रिय चित्रपटाचा शेवट कसा वळवावा लागला, याचा पुरावा त्या ‘बिघडवलेल्या’ शेवटातच आहे. तो कायमचा गाळून टाकला तर दिग्दर्शकाला न्याय मिळेल, पण १९७५ सालाची एक साक्ष पुसली जाईल. सुदैवाने येथे दोन्ही शेवट उपलब्ध आहेत आणि पाहणाऱ्याला आपण कोणता पाहत आहोत हे ठाऊक आहे. सगळ्याच चित्रपटांचे नशीब असे नसते.

मूळ चित्रपट जसाच्या तसा जपावा, की कालमानाप्रमाणे त्यात थोडी सुधारणा करून तो नव्या प्रेक्षकापुढे ठेवावा, हा वाद निघाला की जाणकार मंडळी पहिल्या पक्षात जातात आणि दुसऱ्या पक्षातल्यांना अरसिक ठरवून मोकळी होतात. हा निवाडा फार घाईचा आहे. ‘मुगल-ए-आझम’चे उदाहरण घ्यावे. १९६० मध्ये पडद्यावर आलेला हा चित्रपट बहुतांशी कृष्णधवल होता. शीशमहालातील नृत्यासारखे काही भाग तेवढे रंगीत. ते रंगीत भाग पाहून के. आसिफ इतके हरखून गेले की सगळाच चित्रपट पुन्हा रंगीत चित्रित करावा, असे त्यांनी मनात घेतले होते. वितरकांचा धीर सुटल्यामुळे ते राहून गेले. १९७१ मध्ये आसिफ निवर्तले. नोव्हेंबर २००४ मध्ये, दिवाळीच्या मुहूर्तावर, संगणकाच्या साहाय्याने रंगविलेला ‘मुगल-ए-आझम’ प्रदर्शित झाला आणि ज्या मुलांनी जन्मात कधी कृष्णधवल चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नव्हता, त्यांनी तो रांगा लावून पाहिला. शिवाय रंग भरण्यापूर्वी जीर्ण झालेली निगेटिव्ह आधी साफ करून दुरुस्त करावी लागली. रंगीत प्रतीपासून होणाऱ्या कमाईची आशा नसती तर तो खर्च कोणी केला असता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सुधारणेने येथे जतनाला हातभारच लावला.

तरीही या रंगीत प्रतीत आणखी काय काय घडले, हे किती प्रेक्षकांच्या ध्यानात आले असेल? चित्रपटाची लांबी सुमारे २० मिनिटांनी कमी झाली. आवाज नव्या सहा-मार्गी पद्धतीत बसविण्यासाठी गायकांचे मूळ स्वर ठेवून वाद्यवृंद पुन्हा वाजवून घेण्यात आला. संगीतकार नौशाद त्या वेळी हयात होते आणि त्या कामात त्यांचा सहभाग होता, एवढे समाधान. पण छायालेखक आर. डी. माथुर यांनी काळ्या-पांढऱ्या रंगांच्या हिशेबाने जी प्रकाशयोजना केली होती, तिचे काय? कृष्णधवल छायाचित्रणात लाल रंग कितपत गडद उमटेल, जरीवर प्रकाश कसा परावर्तित होईल, चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात ठेवला तर उरलेल्या अर्ध्यावर नजर कशी खिळेल, याचा विचार करूनच दिवे लावलेले असतात. त्यावर मागाहून रंग चढविणे म्हणजे कोळशाने काढलेल्या चित्रात जलरंग भरणे होय. चित्र कदाचित देखणे दिसेल. पण ते चित्रकाराचे राहणार नाही. देव आनंद यांनी आपला ‘हम दोनों’ २०११ मध्ये स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या संमतीने रंगीत होऊ दिला, ही गोष्ट वेगळी. आसिफ यांना कोणी विचारणार होते?

नाटकाची साक्ष काढून या साऱ्या आक्षेपांना उत्तर देता येते, आणि मराठी माणसाला ते पटकन पटतेही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले; तेव्हापासून प्रत्येक पिढीने ते आपल्या सोयीने कापले, पदे कमी केली, रात्र-रात्र चालणारा प्रयोग तीन तासांत बसविला. त्यात काही पाप झाले, असे कोणी म्हणत नाही. मग चित्रपटालाच सोवळे कशासाठी? उत्तर असे की, ‘सौभद्र’चा प्रयोग कितीही कापला तरी छापील नाटक कपाटात शाबूत असते. उद्या कोणी हौशी मंडळी सबंध नाटक करू म्हणाली तर त्यांना अडचण नाही. नाटकात संहिता आणि प्रयोग या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. चित्रपटात त्या एकच आहेत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस ज्या तल्लीनतेने डोळे मिटतात, ती तल्लीनता कोणत्याही छापील पटकथेत नाही, ती केवळ त्या फितीवर आहे. फीत गेली की प्रयोगही गेला आणि पोथीही गेली.

पोथीचा विषय निघालाच आहे, तर पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. या एकाच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे आणि १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आहे. पहिल्या संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. डॉ. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्या मागून आलेल्या पंडितांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली आणि शतकानुशतके कथेकऱ्यांनी, लेखकूंनी, भाविकांनी घातलेली भर बाजूला काढली. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही घरोघरी ठाऊक असलेली कथासुद्धा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. पण गेली ती परिशिष्टात, केराच्या टोपलीत नव्हे. प्रत्येक पानाखाली पाठभेद नोंदविलेले आहेत, आणि संपादकांचा निर्णय ज्याला मान्य नाही त्याला वाद घालण्याची सामग्री त्या पानावरच मिळते. त्याच्याही आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घुसडू नयेत, अशी ताकीद देऊन ठेवली. प्रक्षेप करणारे लोक दुष्ट नव्हते, हे एकनाथांनाही ठाऊक असणार. ग्रंथ अधिक गोड व्हावा याच भावनेने त्यांनी भर घातली होती. सुधारणा नेहमी प्रेमानेच केली जाते. म्हणून तिच्यापासून सावध राहणे अवघड जाते.

शतकांपूर्वीच्या ग्रंथासाठी जी शिस्त आपण पाळली, ती अवघ्या शंभर वर्षांच्या कलेसाठी पाळावयाची नाही, असे ठरविण्याचे कारण नाही.

रंग भरणे हा प्रकार निदान उघड असतो. खरी अडचण आहे ती सूक्ष्म सुधारणांची. जुन्या चित्रपटाची प्रत संगणकावर घेतली की फितीवरचे ओरखडे, धूळ, चौकटीची थरथर काढून टाकता येते, आणि ते काढणे योग्यच आहे. ओरखडे दिग्दर्शकाने काढलेले नव्हते, प्रक्षेपकाने काढले. मूकपट दर सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या गतीने चित्रित झालेले असत. पुढच्या काळातील यंत्रांवर ते चोवीस चौकटींनी दाखविले जात, म्हणून माणसे टुणटुण उड्या मारीत चालल्यासारखी दिसत. त्यांना त्यांची मूळ चाल परत देणे ही सुधारणा नव्हे, भूल निस्तरणे आहे. पण यंत्र तेथे थांबत नाही. फितीवरचे रासायनिक कण हे छायाचित्राचेच अंग असतात; धूळ समजून तेही पुसले की माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होतात. जुनी चौकोनी चौकट आजच्या रुंद पडद्यावर भरून दिसावी म्हणून वरून-खालून छाटतात आणि उभ्या माणसाची पगडी तरी जाते, नाहीतर पाय तरी. खरखर काढताना आवाजातील श्वासही निघून जातो. यांपैकी एकही बदल जाहिरातीत सांगितलेला नसतो. तेथे ‘नव्या झळाळीत’ एवढेच असते. पाहणाऱ्याला चित्र स्वच्छ वाटते, तो खूश होतो, आणि आपण काय गमावले हे कळण्याचा मार्ग त्याच्यापाशी उरत नाही.

‘कुंकू’ हा शांतारामबापूंचा १९३७ चा चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची ही कथा. तिच्यात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज, एवढ्यावरच सारी ध्वनियोजना उभी आहे. शांता आपटे यांचे गाणेही ग्रामोफोनच्या तबकडीच्या साथीने येते. त्या काळात हे मोठेच धाडस होते. आता कल्पना करावी की उद्या एखाद्या सद्भावी सुधारकाला ही शांतता रिकामी वाटली आणि तरुण प्रेक्षकाला कंटाळा येऊ नये म्हणून त्याने तिच्यात मंद व्हायोलिने भरली. ऐकणाऱ्याला ती कानाला गोड लागतील. पण नीराच्या घरातला कोंडमारा ज्या शांततेतून अंगावर येतो, ती शांतता बुजून जाईल आणि बुजली हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. किंवा दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’ची गोष्ट घ्या. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि सीतेचे दंड चांगले पिळदार दिसत, असे सांगतात. आजच्या यंत्राला ते दंड नाजूक करणे हा पोरखेळ आहे. मात्र स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या तो काळ त्या दंडांतच दिसतो.

स्वतः कर्त्यानेच आपली कृती सुधारली तर? तेथे तरी आक्षेपाला जागा नसावी, असे वाटते. परंतु अमेरिकेतील जॉर्ज लुकास यांची कथा विचारात पाडणारी आहे. १९८६ च्या सुमारास टेड टर्नर यांनी जुन्या चित्रपटांचा मोठा साठा विकत घेऊन ते रंगविण्याचा सपाटा लावला, तेव्हा ‘द माल्टीज फाल्कन’चे वृद्ध दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्यासह अनेकांनी निषेध केला. १९८८ मध्ये हा विषय अमेरिकी काँग्रेसपुढे आला आणि लुकास यांनी तेथे साक्ष देऊन, चित्रपटांत मागाहून केलेले फेरफार हा सांस्कृतिक वारशावरचा घाला आहे, या आशयाची भूमिका मांडली. त्याच वर्षी जतनाचा कायदा झाला. १९८९ मध्ये राष्ट्रीय चित्रपटसूची तयार झाली, तिच्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत लुकास यांचा १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ही होता. आणि १९९७ मध्ये त्याच लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’ची सुधारित आवृत्ती काढली. नवी दृश्ये घातली, नवे प्राणी घातले. मूळ चित्रपटात नायकांपैकी एक जण समोरच्या भाडोत्री मारेकऱ्यावर आधी गोळी झाडतो, तेथे मारेकऱ्याने आधी झाडली असे केले. एका क्षणाचा फरक, पण बेरकी माणसाचा सज्जन झाला. इथपर्यंतही हरकत नव्हती. हरकत पुढच्या गोष्टीला आहे: त्यानंतर दीर्घकाळ मूळ चित्रपट चांगल्या स्वरूपात लोकांना मिळेनासा झाला. जून २०२५ मध्ये लंडनच्या एका महोत्सवात १९७७ ची जुनी प्रत दाखविली गेली, तेव्हा ती बातमी जगभर गेली. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रपटांपैकी एक, त्याच्या मूळ रूपात पाहायला मिळणे ही बातमी व्हावी! कर्ता झाला तरी प्रसिद्ध झालेली कृती लोकांच्या स्मरणातून परत मागून घेण्याचा अधिकार त्याला आहे काय, हा प्रश्न लुकास यांच्या १९८८ च्या साक्षीलाच विचारावा.

भारतात तर कर्ता म्हणजे कोण, इथूनच घोटाळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला त्या व्याख्येत जागा नाही. आपल्या कृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा जो विशेष अधिकार हा कायदा कर्त्याला देतो, तो ज्याने चित्रपट डोळ्यांपुढे उभा केला त्याच्यापर्यंत सरळपणे पोचत नाही. फ्रान्समध्ये ह्यूस्टन यांच्या वारसांनी ‘द अस्फाल्ट जंगल’ रंगवून दाखविण्याविरुद्ध दावा लावला, आणि १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकी कराराची पर्वा न करता, दिग्दर्शकाचा नैतिक हक्क मान्य केला. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ या २०१३ च्या चित्रपटाची तमिळ आवृत्ती पुन्हा लावण्यात आली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलून. नायक मरत असे, तो जगला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. प्रत मात्र चित्रपटगृहांत लागली. कर्ता कायद्याने कोण ठरतो, याचे उत्तर त्यात आले. १९७५ मध्ये शेवट बदलण्यासाठी निदान नट, छायालेखक आणि दिग्दर्शक यांना पुन्हा एकत्र यावे लागले होते. आता त्यांची गरज उरलेली नाही.

अशा वेळी सरसकट बंदीची मागणी करणे सोपे आहे, परंतु ती शहाणपणाची नाही. दिवसभर कचेरीत काम करून घरी आलेल्या माणसाने रविवारी रंगीत ‘मुगल-ए-आझम’ पाहिला आणि त्याचे मन रमले, तर त्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही. त्याच्याकडून काढून घेऊ नये ती एकच गोष्ट: दुसरी प्रतही आहे, हे ज्ञान. सुधारित प्रतीच्या आरंभी काय बदलले, किती कापले, कोणी आणि केव्हा, हे चार ओळींत सांगावे. पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्तीवर ‘संक्षिप्त’ असे छापावेच लागते; तेवढाच हा शिष्टाचार. दुसरे, बदल करणाऱ्याने मूळ प्रत, आहे त्या अवस्थेत, सार्वजनिक संग्रहात आधी जमा करावी आणि मग यंत्राला हात लावावा. आणि ती प्रत पाहावयाची म्हटले तर शिक्षकाला, विद्यार्थ्याला ती पाहता यावी; कुलपात ठेवलेला मूळ पाठ असून नसल्यासारखाच. याला पैसा लागतो हे खरे. पण थंड, कोरड्या खोलीत नीट ठेवलेली कृष्णधवल फीत शंभर वर्षे टिकू शकते, हेही खरे.

ही दक्षता अनाठायी वाटत असेल त्यांनी आपल्याकडे काय शिल्लक आहे ते पाहावे. भारतात सुमारे १,३०० मूकपट निर्माण झाले. त्यांतले पूर्ण वा तुकड्यांत उरलेले तीसही भरत नाहीत. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत हाती नाही. जुन्या नायट्रेट फिती पाण्याखालीसुद्धा जळत राहतात, इतक्या ज्वालाग्राही. जळाल्या नाहीत त्या कित्येक चांदी काढण्यासाठी वितळविल्या गेल्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, एकेकाळच्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात, नायट्रेट फितींच्या भांडाराला आग लागली आणि त्यात बरेच काही गेले. पी. के. नायर यांनी उभे आयुष्य वेचून जे गोळा केले, ते त्या काळी कोणी मोल न देणारे सामान होते.

नायर यांना फाळके कुटुंबाकडून ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे मिळाली, त्यांची कथा तर या सगळ्या वादाला पुरून उरते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेला तो चित्रपट चार रिळांचा होता. १९१७ मध्ये फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. अनुभव वाढला होता, हात बसला होता. आज पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उरले आहे, आणि ते १९१३ चे की १९१७ चे, यावर अभ्यासकांचे एकमत होत नाही. पडद्यावर राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवीत असतो. ताडून पाहावे, अशी दुसरी प्रत उरलेली नाही.